आधी धंदा विचार, मग सन अठ्ठेचाळीस

तू लिहिलंस ते थोडक्यात असं : एम.ए. इतिहासाचं शेवटचं वर्ष, गाव धाराशिव जिल्ह्यातलं, घर पिंजाऱ्याचं, म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्याचं. मराठवाड्यातल्या मुसलमानांच्या मौखिक इतिहासावर पीएच.डी. करायची आहे. नाना वारले, नानी आहेत आणि त्यांनी 'पुलिस ॲक्शन', म्हणजे १९४८ ची हैदराबाद संस्थानावरची फौजी कारवाई, डोळ्यांनी पाहिलेली आहे. पण गाइड म्हणतात, विषय नाजूक आहे, कागद मिळणार नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींना इतिहास म्हणत नाहीत. हा खरंच इतिहास आहे का, सुरुवात कुठून करायची आणि यावर पोट भरतं का, हे तीन प्रश्न तू विचारलेस.

मी हेच काम सत्तावीस वर्षं करते आहे. माझ्या घरी दखनी, शाळा मराठी, आणि उर्दू वाचायला शिकले ती वयाच्या चोविसाव्या वर्षी, कारण तोवर गरजच पडली नव्हती. तू उभी आहेस ती जागा मला चांगली माहीत आहे. उत्तर मोठं होणार आहे, सावकाश वाच.

सुरुवातीचं आधी सांगते, कारण बहुतेकांचं काम तिथेच बिघडतं. माझंही बिघडलं होतं. पहिल्या मुलाखतीला मी जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका गावात, ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांकडे गेले. सतरंजीवर बसले, टेपरेकॉर्डर लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "अठ्ठेचाळीस साली तुमच्या गावात काय झालं?" आजोबा उठून आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, हातात चहा होता. माझ्या गावाकडच्या पावसाची चौकशी केली, आणि मग काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यांदा गेले तेव्हा घरच्यांनी "तबियत ठीक नै" म्हणून दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा जायचा धीर झाला नाही, आणि वर्षभरात ते गेले. त्यांच्याबरोबर काय गेलं ते मला कधीच कळणार नाही, आणि चूक सर्वस्वी माझी होती. ज्या गोष्टीबद्दल माणूस पन्नास वर्षं घरातही बोललेला नाही, ती गोष्ट मी अनोळखी बाईने चहाच्या आधी मागितली होती.

त्यानंतर मी पद्धत बदलली, आणि ती आजतागायत सोडलेली नाही. मी धंद्याचं विचारते. कोणतं काम करत होतात, हत्यारं कोणती होती, कच्चा माल कुठून यायचा, कोणत्या गावच्या बाजारात बसायचात, उधारी कोणाकडे असायची, कामाला हात कधी लावला, पहिली मजुरी काय मिळाली. यावर न बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आपल्या हाताला येणाऱ्या कामाबद्दल बोलताना माणूस ताठ बसतो. तो मुलाखत घेणाऱ्याला शिकवायला लागतो, आणि त्या क्षणी तो 'पीडित' किंवा 'अल्पसंख्याक' राहत नाही, उस्ताद होतो.

एक प्रसंग सांगते. एका तालुक्याच्या गावी मोमीन, म्हणजे मुसलमान विणकरांच्या, घरातल्या एका आजींकडे मी बसत होते. वय पासष्टच्या आसपास. घरात खड्डामाग होता, म्हणजे विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो. माग केव्हाच बंद पडलेला, खड्डा बुजवून वर फरशी घातलेली. दोन बैठका मी फक्त विणकामाचं विचारलं. आजी लहानपणी कांड्या भरायच्या. आडवं सूत घेऊन पळणारा धोटा कुठल्या लाकडाचा, फणी कोण बांधून द्यायचं, ताणा गल्लीत पसरायचा तेव्हा शेळ्या कोण हाकायचं, सगळं त्यांनी हात हलवून दाखवलं. तिसऱ्या बैठकीला मी सहज विचारलं, खड्डा किती खोल असायचा? आजींनी हात कमरेपर्यंत नेला आणि म्हणाल्या, "इत्ता गहरा. हम तीनो भैना उसमेंच बैठे सो, मालूम नै क्या."

मला मालूम नव्हतं. मी गप्प राहिले. मग त्या बोलल्या. शेजारी साळ्याचं, म्हणजे हिंदू विणकराचं, घर होतं. गावात माणसं हत्यारं घेऊन शिरली तेव्हा साळीकाकांनी या तिघी बहिणींना आपल्या मागाच्या खड्ड्यात बसवलं, वर तागा ओढला आणि स्वतः काठावर बसून धोटा फेकत राहिले. "रातभर माग चलाए. धोटे का आवाज बंद हुआ तो लोगां अंदर देखेंगे बोलके." अडीच तासांची ती टेप माझ्याकडे आहे. त्यातली मधली वीस मिनिटं मी शेकडो वेळा ऐकली आहेत.

आता याच्या शेजारी एक कागद ठेव. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १३ तारखेला सुरू झालेली कारवाई १७ तारखेला निजामाच्या शरणागतीने संपली. त्या दिवसांत आणि त्यानंतर काय झालं हे पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते संस्थानात फिरले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार दिलेला आहे, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड ही नावं आहेत. अहवाल कित्येक दशकं सरकारी कपाटात राहिला. त्या अहवालात एक छोटी नोंद आहे, जिच्यावरून लोक भराभर पुढे जातात : मुसलमानांना वाचवणारे हिंदूही होते, आणि एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी विशेष दिसली, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी जिवाची किंमत मोजून मुसलमान विणकरांना वाचवलं.

ही नोंद मी आधीही वाचलेली होती. आजींच्या घरून आल्यावर पुन्हा वाचली तेव्हा तिचा अर्थ कळला. धंदा ही नुसती मुलाखत सुरू करायची युक्ती नाही. १९४८ साली त्या गल्लीत कोण कोणाचं होतं हे ठरवणाऱ्या गोष्टींपैकी धंदा ही एक होती. धर्माच्या रकान्यातून पाहिलं तर साळी आणि मोमीन वेगळे. मागावरून पाहिलं तर एकाच सावकाराचे देणेकरी, एकाच बाजारात बसणारे, एकमेकांच्या धोट्याचा आवाज ओळखणारे. गाइडना विचार, दुसऱ्या कोणत्या साधनातून हे कळलं असतं?

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यात आलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं जास्त अवघड आहे, कारण त्याच आजींनी एक गोष्ट चुकीची सांगितली होती. त्या म्हणाल्या, ती रात्र बकरीदची होती. मी घरी येऊन पंचांग पाहिलं. त्या वर्षी बकरीद ऑक्टोबरच्या मध्यात आली होती, पोलीस ॲक्शननंतर जवळजवळ महिन्याने. मी वहीच्या समासात 'चूक' असा शेरा मारला आणि पुढे गेले. वर्षभराने त्याच गल्लीतल्या दुसऱ्या विणकर घरात कळलं की त्या दिवसांत मागांवर ईदसाठीचं कापड चढलेलं होतं. ते कापड विकलं गेलं नाही, आणि त्या बकरीदला त्या गल्लीत कोणाच्याच घरी काही शिजलं नाही. आजींच्या मनात ती रात्र आणि ती ईद एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. दिवस चुकला होता, पण त्यांचं काय हरवलं ते त्या चुकीनेच मला सांगितलं. समासातला तो शेरा मी अजून खोडलेला नाही, विद्यार्थ्यांना दाखवायला तसाच ठेवला आहे.

हे जगभरच्या मौखिक इतिहासकारांना ठाऊक आहे. इटलीत तेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव आहे. तिथे लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी, नाटो कराराविरुद्धच्या मोर्चात पोलिसांच्या हातून मारला गेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे कामगारांना विचारलं, तर कित्येकांनी तो मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीच्या लढ्यात घडल्याचं सांगितलं. पोर्तेल्लींनी ती चूक दुरुस्त करून टाकून दिली नाही. माणसांनी तो मृत्यू चार वर्षं पुढे का सरकवला, याचाच त्यांनी अभ्यास केला. आपल्याकडे शाहिद अमीन यांनी १९२२ च्या चौरीचौऱ्यावर असंच काम केलं : आधी कोर्टाचे कागद, माफीच्या साक्षीदाराची जबानी, आणि मग त्या गावांतल्या घरांत बसून, सत्तर वर्षांनी लोक काय आणि कसं सांगतात ते. कागद आणि आठवण दोन्ही समोरासमोर ठेवून त्यांनी इतिहास लिहिला. तोही दिल्ली विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापकाने, म्हणून 'हा इतिहास नाही' या आक्षेपाला आता फारसा दम उरलेला नाही. आणि सहज सांगते, चौरीचौऱ्याच्या दहा महिने आधी, एप्रिल १९२१ मध्ये, आपल्या मालेगावात खिलाफतीच्या दिवसांत असाच प्रकार झाला होता. फौजदार मारला गेला, आणि पुढे मालेगावच्या माणसांना येरवड्यात फाशी झाली. गावात त्यांची 'शहीदों की यादगार' उभी आहे. त्यावर त्याच ताकदीचं काम व्हायला हवं. तू नाही केलंस तर कुणा मैत्रिणीला सांग.

आता तारखांचं तंत्र, कारण याची तुला रोज गरज पडेल. आपल्या म्हाताऱ्या माणसांना सन ठाऊक नसतो, पण सण, पीक आणि नाणं ठाऊक असतं. हिजरी वर्ष दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकतं, म्हणजे ईद सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण तेहेतीस वर्षांनी त्याच जागी येते. "पहिला रोजा धरला तेव्हा मे महिन्याचं ऊन होतं" असं कुणी म्हणालं तर ते १९५३-५४ असेल, नाहीतर १९८६-८७. त्यात मधलं काही बसत नाही. मग पिकाचं विचार : ज्वारी काढली होती का, कडबा रानात होता का घरी. मजुरी 'हाली'त मिळायची का 'कलदार'मध्ये, म्हणजे इंग्रजी रुपयात, हे विचार. निजामाचा हाली रुपया पन्नासच्या दशकात चलनातून गेला, त्यामुळे ज्याची पहिली मजुरी हालीत होती त्याचं वय तिथेच बांधलं जातं. बहात्तरचा दुष्काळ ही तर आपल्या सगळ्यांची खूण आहे. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो दळून आणला. त्याच्या आधीचं की नंतरचं, एवढं विचारलं तरी पुष्कळ उलगडतं.

'कागद नाहीत' हे गाइडचं म्हणणं मला मान्य नाही. कागद आहेत, ते उर्दूत आहेत. निजामाच्या कारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीवरून उर्दूवर आली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचे इनामाचा हक्क नोंदवणारे मुंतखब, कोर्टाचे निकाल, शाळेचे दाखले, पोलिसांचे रिपोर्ट उर्दूत पडून आहेत : काही हैदराबादच्या अभिलेखागारात, काही जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, काही लोकांच्या ट्रंकेत. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसाराच्या संस्थेचा कारभार कित्येक वर्षं औरंगाबादेतून चालवला, हेसुद्धा आज औरंगाबादेतल्या मुलांना सांगावं लागतं.

तेव्हा उर्दू शीक. देवनागरीतली नव्हे, उर्दू लिपीतली. छापील वाचायला सहा महिने पुरतात, कारण अर्धे शब्द तुझ्या तोंडात आधीच आहेत. दफ्तर, फिर्याद, वसूल, जमाबंदी, मुकादम हे मराठीनेही तिथूनच घेतलेत. हाताने लिहिलेली शिकस्ता लिपी मात्र वर्षानुवर्षं छळते. मला अजूनही एखाद्या ओळीसाठी हैदराबादला फोन करावा लागतो. मोडीही शीक. राज्याचं पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग आणि परीक्षा घेतं. आणि दखनीला कमी लेखू नकोस. आपल्याच घरांत दखनी म्हणजे बिघडलेली उर्दू असं म्हणतात, ते चूक आहे. विजापूरकडच्या सूफींच्या परंपरेत बायकांनी जात्यावर म्हणायची चक्कीनामे दखनीत आहेत, आणि ती आपल्या ओवीची सख्खी बहीण आहेत. मुलाखत लिहून काढताना "मेरेकू", "कायकू", "बोलके" हे जसंच्या तसं ठेव. एका संपादकांनी माझ्या पहिल्या लेखातली सगळी दखनी शुद्ध उर्दू करून टाकली होती, तेव्हा त्या आजी लखनौच्या बेगमेसारख्या बोलायला लागल्या. मी लेख परत घेतला. दुसरीकडे तो दोन वर्षांनी छापून आला, पण आजींच्या भाषेत आला.

आता विषयाच्या नाजूकपणाबद्दल. इथे गाइड काही अगदीच चुकत नाहीत. मराठवाड्यातल्या एकाच गावात एकाच काळाची दोन नावं आहेत. मराठा, लिंगायत, दलित घरांत तू विचारशील तर "रझाकारात" असं म्हणतील. मुसलमान घरांत "पुलिस ॲक्शन में". पहिल्या नावात १७ सप्टेंबरच्या आधीचं वर्ष आहे : रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची कासिम रझवीची हत्यारबंद माणसं, जाळलेली घरं, बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं हत्याकांड. दुसऱ्या नावात १७ सप्टेंबरनंतरचे आठवडे आहेत. दोन्ही खरे आहेत, दोन्हींत माणसं मेली आहेत, आणि प्रत्येक घरात समोरच्याच्या अर्ध्याबद्दल शांतता आहे. तू मुसलमान घरातली आहेस म्हणून तुला दुसरं अर्ध सहज मिळेल. म्हणूनच पहिल्या अर्ध्यासाठी दुप्पट कष्ट घे. पाटलाच्या वाड्यावर जा, महारवाड्यातल्या म्हाताऱ्यांकडे जा, साळी-कोष्टी आळीत जा, आणि रझाकारांनी काय केलं ते तितक्याच शांतपणे, तितकाच वेळ देऊन ऐक. शोएबुल्ला खानचं नाव कुठे निघतं का पाहा. 'इमरोज'चा हा तरुण संपादक रझाकारांविरुद्ध आणि विलीनीकरणाच्या बाजूने लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत त्याचा खून केला. 'रझाकार म्हणजे मुसलमान' हे समीकरण मोडायला तो एकटा पुरेसा आहे, तरी त्याची आठवण दोन्हीकडे पुसट झाली आहे.

तुला दोन्ही बाजूंनी बोलणी बसतील. आपले म्हणतील घरचं बाहेर काढलंस, आणि दुसरे म्हणतील आपल्याच लोकांची बाजू घेतलीस. मला दोन्ही ऐकावं लागलं आहे. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे : प्रत्येक वाक्यामागे टेप किंवा कागद असला पाहिजे, आणि 'असं म्हणतात' हे कुठेही येता कामा नये. कोण म्हणतं, कधी म्हणालं, कोणत्या नात्याने म्हणालं, ते लिही.

आणि एक धोका आतून आहे. १९४८ हे इतकं मोठं आहे की तेवढ्यातच अडकून पडायला होतं. मराठी वाचकाच्या मनात मुसलमानांचा इतिहास एका टोकाला बादशहा आणि दुसऱ्या टोकाला दंगल असा आहे. मधे गावगाड्याचा मुलाणी आहे, ज्याला बलुतं मिळायचं. आतार आहे, तांबोळी, बागवान, मण्यार, शिकलगार, तुझे पिंजारी आहेत. खानदेशातले तडवी आहेत, कोकणातून गल्फला गेलेली माणसं आणि त्यांनी घरी पाठवलेल्या आवाज भरलेल्या कॅसेटी आहेत, कडेगावचे उंच ताबूत आणि ते उचलणारे सगळ्या जातींचे खांदे आहेत. मुसलमानांतली जात हा विषय तर अजून नीट उघडलेलाच नाही. धंद्याची नावं टाकून लोक 'शेख' लिहू लागले आणि कागदावरून अख्ख्या बिरादऱ्या नाहीशा झाल्या. पुढे जालन्याहून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली, दिलीपकुमारांसारखा माणूस तिच्या व्यासपीठावर आला, तेव्हा तीच नावं दाखल्यांसाठी परत शोधावी लागली. आजोबांनी लपवलेलं नाव नातवाने तहसीलमध्ये सिद्ध करायचं, यात तीन पिढ्यांचा सामाजिक इतिहास आहे. तुझ्या घरात हे घडलं असणार. विचारून बघ.

१९४८ नंतर उर्दू शिकलेल्या कारकुनांचं, मास्तरांचं काय झालं, हाही विषय तसाच पडून आहे. कारभार बदलला, शाळा मराठी झाल्या, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. कालपर्यंत अख्ख्या गावाचे अर्ज लिहून देणारा माणूस स्वतःच्या मुलाचं मराठी प्रगतिपुस्तक वाचू शकत नव्हता. अशा एका मास्तरांच्या मुलाने मला सांगितलं, "अब्बा सही उर्दू में करते थे, मास्तर अंगूठा मांगते थे." हे बोलताना तो सत्तरीचा माणूस रडला.

कामाच्या चार गोष्टी भरभर सांगते. पंखा बंद करून रेकॉर्ड कर, नाहीतर नंतर काही कळत नाही. मोबाइलवर चालेल, पण तो फ्लाइट मोडवर टाक आणि शक्य तर कॉलरला माइक लाव. एका तासाची टेप नीट लिहून काढायला सात-आठ तास लागतात, तो हिशेब आधीच धर. बायकांशी बोलायचं तर स्वयंपाकघरात बस. ओसरीवर बसलीस तर मुलगा उत्तर देईल आणि आई मान हलवेल. परवानगी आधी माग आणि शेवटीही माग, कारण बोलून झाल्यावर माणसाला कळतं आपण काय बोललो ते. कुणी म्हणालं "ये नक्को लिख" तर लिहायचं नाही, कितीही मोलाचं असलं तरी. नावं बदल, गावही बदलावं लागलं तर बदल. टेपची प्रत घरच्यांना दे. माझ्या टेपांमुळे तीन घरांत आजीचा आवाज राहिला आहे. ते लोक मला आजही ईदला फोन करतात.

पोटाचं खरं तेच सांगते. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धर. नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची परीक्षा आधी काढ, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर बरंच सुटतं. भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची फेलोशिप आहे, तिला अर्ज कर. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली, तिच्या भरवशावर राहू नकोस. त्यानंतर अनुदानित कॉलेजातल्या कायम जागा थोड्या, आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे, पैसे घर चालवायला पुरत नाहीत. मी स्वतः सहा वर्षं सीएचबीवर काढली आहेत, रविवारी मुलाखती आणि उन्हाळ्यात अभिलेखागार असं करत. लवकर कायम व्हायचं असेल तर गाइड सांगतात तो विषय जास्त सोयीचा आहे, हे मी लपवणार नाही.

पण लिपी वाचता येणारं माणूस उपाशी राहत नाही, हेही मी पाहिलं आहे. इनामाच्या आणि वक्फच्या जमिनींच्या खटल्यांत मुंतखब वाचून देणारे शोधावे लागतात, मोडी वाचणारे तर जिल्ह्याजिल्ह्यांत हवे आहेत. माझ्या दोन विद्यार्थिनींनी त्या कामाच्या पैशांवरच पीएच.डी. पुरी केली. गाइडचं म्हणशील तर त्यांच्याशी भांडू नकोस. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात दख्खनच्या अभ्यासाचं शेरवानी केंद्र आहे. तिथल्या कुणाला सहमार्गदर्शक करून घेता येतं का ते विद्यापीठाच्या नियमांत पाहा, आणि प्रस्तावात 'धंदा' हा शब्द 'आठवण' या शब्दाच्या आधी घाल. 'मराठवाड्यातील पिंजारी समाज : व्यवसाय, स्थलांतर आणि स्मृती' या विषयाला हरकत घेणं समितीला जड जातं.

हे सगळं मात्र पुढच्या वर्षीचं. या आठवड्यात दुसरं एक काम कर. अठ्ठेचाळीस साली जी मुलं दहा वर्षांची होती ती आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. प्रस्ताव मंजूर होण्याची वाट पाहू नकोस, रविवारी गावी जा. नानींजवळ बस, फोन बाजूला ठेव, आणि पुलिस ॲक्शनचं नावही काढू नकोस. नाना कापूस पिंजायचं पिंजण खांद्यावर घेऊन कोणकोणत्या गावांना जायचे, ते विचार. त्याची तात, म्हणजे ताणलेली दोरी, कशाची असायची, ओली झाली की काय करायचे, कापसाचा कण नाकातोंडात जायचा तेव्हा रात्री खोकला यायचा का. मग नानींच्या लग्नातली गादी कुणी भरली होती ते विचार, आणि ती गादी आता कुठे आहे तेही. बहुतेक त्या दुसऱ्याच प्रश्नावर थांबतील. त्या थांबल्या की तू बोलू नकोस.